नॉर्मल म्हणून दिलेलं रक्त

डॉ. सुमती देवपुजारी यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला दोन सूचना केल्या. लेखात एखादा प्रसंग असावा, आणि लेख फार तांत्रिक होऊ नये. प्रसंग मी एकच सांगणार आहे आणि तो नेमका तांत्रिक आहे, त्याला माझा इलाज नाही. जठराच्या कर्करोगाची वाढ कशी होते, तो पसरतो कसा, या एका कोड्यापायी ज्यांनी उभं आयुष्य घातलं, त्यांच्यावर लिहायचं आणि पेशीचं नाव काढायचं नाही, हे ताईंनाच आवडणार नाही. शिवाय त्या प्रसंगात माझा जीव गुंतलेला होता. ताईंनी तो आजवर कुठेही बोलून दाखवला नाही, कारण गुपित माझं होतं. आज ते मीच उघडते आहे.

ताईंची नि माझी पहिली भेट जबलपूरच्याच प्रयोगशाळेत, मुलाखतीच्या दिवशी झाली. मी तिथल्याच कांचघर वस्तीतली, बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर, आणि हातात एम.एस्सी.ची ताजी गुणपत्रिका. इतर उमेदवारांना प्रश्न विचारले जात होते. मला मात्र ताईंनी खुर्ची दिली ती सूक्ष्मदर्शकासमोर. "काय दिसतं?" एवढंच म्हणाल्या. काचपट्टीवर जठराच्या अस्तराचा काप होता. मी पाहिलं, पाठ केलेलं आठवलं आणि सांगून टाकलं, "नॉर्मल आहे, मॅडम."

"कशावरून?"

"अस्तर सलग आहे. ग्रंथी जागच्या जागी आहेत."

"अस्तराच्या खाली पाहिलं?"

मी परत डोळा लावला. अस्तराच्या खाली, एकेकट्या, फुगलेल्या पेशी पडल्या होत्या. प्रत्येकीचं केंद्रक एका कडेला ढकललेलं, अंगठीतल्या खड्यासारखं. वर सगळं शाबूत आणि खाली हे. ताई शांतपणे म्हणाल्या, "ज्या बाईंचं हे जठर आहे, त्या आता नाहीत. 'नॉर्मल' हा शब्द फुकटचा वापरायचा नाही, पोरी."

नोकरी गेली असं समजून मी घरी आले. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, नाव चुकलं असावं. पुढे धीर करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू चुकलीस, पण परत डोळा लावला. बाकीचे चुकल्यावर माझ्या तोंडाकडे बघत होते."

आता ताईंच्या कामाविषयी. आपल्या जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव ई-कॅडहेरिन. ते कसं बनवायचं याची कृती जनुकात असते आणि तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर भागतं. एखाद्या पेशीत दुसरीही बंद पडली की तिची पकड सुटते. निरोगी पेशी अशी सुटली तर आपण होऊन मरते. शरीराची तशी शिस्तच आहे. कर्करोगाची पेशी ही शिस्त मोडते. वाढीचा संदेश तिच्यात चालूच राहतो, मरणाचा संदेश तिला पोचत नाही, ती आकार बदलते, सरपटू लागते, भोवतालची ऊती विरघळवत रक्तवाहिनीपर्यंत जाते, पोटाच्या आतल्या पडद्यावर जाऊन रुजते. जगभरचे लोक तिच्या या प्रवासामागे होते. ताईंचा प्रश्न त्याच्या एक पाऊल अलीकडचा होता: हात सुटला त्या पहिल्या क्षणी ती मरत का नाही?

संक्रांतीला ताई चेरीतालच्या घरून तिळाच्या वड्या करून आणत. त्यांत एक डबा मुद्दाम बिघडवलेला असे. नव्या विद्यार्थ्यांसमोर तो उघडून त्या म्हणत, "देखो, गुड़ कम पड़ा तो तिल छूट गया. अब छूटा हुआ तिल डिब्बे के किस कोने में जाएगा, बता सकते हो?" कोणालाच सांगता येत नसे. मग आम्ही तो धडा चमच्याने खाऊन टाकत असू.

त्यांच्या करड्या शिस्तीचा एक नमुना सांगते. सुटलेल्या पेशीला जगवणारा एक रासायनिक दुवा आम्हाला सापडलासा वाटला. आकृती इतकी देखणी आली होती की आम्ही ती भिंतीवर चिकटवली. परिषदेत ताईंचं भाषण ठरलेलं, सारांश छापून आलेला. ताईंनी तोच प्रयोग या कामाशी संबंध नसलेल्या एका विद्यार्थ्याकडून करवून घेतला. जमला नाही. पुन्हा करवला, पुन्हा जमला नाही. ताई परिषदेला गेल्या, व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आपला छापलेला सारांश आपणच मागे घेतला. परतीच्या प्रवासात आम्ही सगळे तोंडं पाडून बसलो होतो. ताई म्हणाल्या, "काहून तोंड पाडून राहिले? खोटं सापडलं ना, अच्छा झालं. आता खरं शोधायला जागा झाली."

अशा बाईंच्या हातून चूक झाली, आणि त्या चुकीमुळे मी जिवंत आहे.

प्रयोगशाळांमध्ये एक जुनी सवय असते, बाहेरच्यांना ती चमत्कारिक वाटेल. रुग्णांच्या रक्तातलं जनुक वाचायचं तर शेजारी निरोगी माणसाचं रक्त लागतं, तुलनेला. ते आणायचं कुठून? मग जो समोर दिसेल त्याचा दंड. आमच्याकडे रक्त काढायचं काम दुबेजींकडे होतं. ते व्हरांड्यात उभे राहून हाका मारत, "आओ दीदी, थोड़ा-सा विज्ञान को दान करो, चाय मेरी तरफ से." आम्ही हसत हसत बाह्या वर करत असू. नळीवर क्रमांक पडे आणि वर लिहिलं जाई, नॉर्मल.

त्या वर्षी ताईंनी अशा कुटुंबांचा अभ्यास हाती घेतला होता, ज्यांच्यात जठराचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या येतो. ई-कॅडहेरिनच्या कृतीची बिघडलेली प्रत तिथे आईबापांकडून मुलांकडे येते. रक्त देणाऱ्या आम्हा निरोगी लोकांना एकच प्रश्न विचारला गेला: घरात कोणाला पोटाचा कर्करोग? मी नाही म्हटलं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, पण अल्सरने. बाबांनी तसंच सांगितलं होतं, आणि वर्षानुवर्षं जठराच्या कर्करोगावर काम करूनही मला कधी शंका आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नमुने वाचायला बाहेरगावी जात. निकाल आला की क्रमांकांवरून नावं जुळवण्याचं काम फक्त ताई करत. एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, उठून दाराला कडी लावली आणि खुर्चीत न बसता माझ्यासमोर उभ्याच राहिल्या.

"माधुरी, तुझ्या रक्ताबद्दल मला काही कळलं आहे. आधी वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणून शिल्लक नमुना तुला न विचारता परत पाठवला. तेही चुकलंच. निकाल तोच आला. आता तुला कळून घ्यायचं आहे का, ते तू सांग. नाही म्हटलंस तर मी मरेपर्यंत बोलणार नाही."

"ताई, तुम्ही असं विचारलं यातच सगळं आलं की."

"आलं. कसंही विचारलं तरी ते चूकच होऊन राहिलं, बेटा. हा प्रश्न रक्त घ्यायच्या आधी विचारायला पाहिजे होता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी माझी तीन वर्षांची ऋचा होती. ताईंनी कागद घेतला, जनुकाची रेघ काढली आणि कुठे तुटलं आहे ते दाखवलं. माझ्या दोन प्रतींपैकी एक प्रत अर्ध्यातच संपत होती. हजारदा अशी रेघ मी इतरांसाठी काढली होती. त्या दिवशी मला ती वाचता येईना. ताईंनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. आज कर्करोग आहे असा याचा अर्थ नाही. पुढे होण्याचा धोका मोठा आहे. किती मोठा, ते तुझ्या बाबतीत नेमकं कोणीही सांगू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "हे आलं कुठून, ते घरी विचार."

मी थेट कांचघरला गेले. बाबा टीव्हीसमोर बसले होते.

"बाबा, आईला काय झालं होतं?"

"अल्सर. तुला माहीत आहे ना."

"खरं सांगा."

बाबांनी टीव्ही बंद केला. "कॅन्सर होता, पोटाचा. तुझ्या मामाला पण तेच. डॉक्टरने सांगितलं तेव्हा तुझी परीक्षा चालून राहिली होती. म्हटलं, पोरीला सांगून काय होते? उद्या लग्नाच्या वेळेस लोक विचारतील. मग ते राहूनच गेलं." ते पुढे म्हणाले, "तू त्या लॅबमध्ये लागली ना, तर मला वाटलं हिला कोणी सांगितलं का काय. नाही तर काहून हीच नोकरी घेतली? पण विचारायची हिंमत नाही झाली मला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं ते एकटे ते ओझं वाहत होते, आणि मी रोज संध्याकाळी त्यांना येऊन हौसेनं सांगत होते, आज कुठली पेशी कशी पसरली.

मग तपासण्या. दुर्बीण घालून जठर आतून पाहिलं, जागोजागी चिमटे घेऊन तुकडे काढले. सगळं साफ. आमच्या शहरातले शल्यचिकित्सक अनुभवी आणि दिलखुलास गृहस्थ. अहवाल वाचून ते हसले. "सब चकाचक है. अब इतना बढ़िया पेट काटकर फेंक दूँ? अपनी मैडम से कहिए, चूहों पर रिसर्च करें." माझे यजमान संजय यांनी तो अहवाल छातीशी धरला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मीही साखर खाल्ली आणि तोच अहवाल घेऊन चेरीतालला ताईंकडे गेले. त्यांनी "वा, सुटलो" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

ताईंनी चहा ठेवला, चष्मा पुसला, अहवाल दोनदा वाचला.

"साफ आहे ना, ताई?"

"साफ दिसलं, असं लिहिलं आहे."

मी चिडले. "मग तुम्ही सांगा, काढू का जठर? तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?"

"ते मी नाही सांगणार."

"माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"तुझ्या जागी मी नाही, माधुरी. तिथे बसल्यासारखं बोलायचा मला हक्क नाही."

"मग एवढी वर्षं हे सगळं कशासाठी केलं?" मी ओरडले. ताईंशी मी त्यापूर्वी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्यानंतरही नाही. ताईंनी कप खाली ठेवला.

"ऐक. मला ठाऊक आहे ते सांगते, आणि ठाऊक नाही ते पण सांगते. दुर्बीण अस्तर बघते, आणि आपली ही बिमारी अस्तराच्या खाली राहते. चिमट्यात आली तर आली. हे ठाऊक आहे. सुटलेली पेशी वर्षानुवर्षं नुसती पडून राहते. कधी कायमचीच पडून राहते. आणि मग एखादी एक दिवस चालायला लागते. ती काहून चालायला लागते, ते मी सारी उमर शोधून राहिली. नाही सापडलं मला. सापडलं असतं, तर आज तुला म्हटलं असतं, पोट राहू दे, मी त्या पेशीला थांबवते." त्यांनी अहवालाची घडी करून माझ्यासमोर ठेवली. "माझं काम अधुरं आहे म्हणून तुला हे ठरवावं लागून राहिलं. याचं मला फार वाईट वाटते."

मी चहा न घेता उठले. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला ताईंचा संताप आला होता. सगळे जण काही ना काही सांगत होते, काप म्हणत होते, कापू नको म्हणत होते. ज्यांच्या एका शब्दावर मी डोळे मिटून उडी घेतली असती, त्या तेवढ्या गप्प. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवशी त्यांनी तो शब्द दिला असता तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते, किंवा आयुष्यभर त्यांना बोल लावला असता. दोन्हींतून त्यांनी मला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेल्यावर मी काचपट्ट्यांचं कपाट उघडलं आणि मुलाखतीच्या दिवशीची ती पट्टी शोधली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वरचं अस्तर सलग, ग्रंथी जागच्या जागी. त्या बाईंच्या घरीही कोणी तरी देवापुढे साखर ठेवली असेल. मी ताईंच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काढते." ताईंनी मान डोलावली. चांगलं केलंस असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "तारीख कोणती? मी येते."

शस्त्रक्रिया नागपूरला झाली. ताई बाबांच्या शेजारी बाकावर बसून होत्या. बाबा पुढे सांगत, "बाईंना मी म्हटलं चहा घ्या, तर म्हणाल्या, ती खाईल तेव्हा घेऊ."

मग सर्वांत वाईट दिवस आला. काढलेल्या जठराचा अहवाल आला: तपासलेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही. संजय खिडकीबाहेर पाहू लागले. बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे चांगलं होतं का पोट?" नाकात नळी, पोटावर टाके, आणि डोक्यात एकच विचार घोळत होता. धडधाकट अवयव मी आपल्या हाताने फेकून दिला. यापुढे जन्मभर चार घास खाऊन थांबायचं, जन्मभर जीवनसत्त्वाच्या सुया टोचून घ्यायच्या, आणि तेही कशासाठीच नाही.

ताई पुढे झाल्या. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "निवडक तुकडे बघितले त्यांनी. रीत तशीच आहे. सारं जठर तपासा म्हणून मी सांगू शकते. पण काहीच नाही सापडलं असंही होऊ शकते. तेव्हा तुला वाटेल, कशाला विचारलं. तुला कळून घ्यायचं आहे का?"

मी मानेनंच हो म्हटलं. त्यांनी या वेळी आधी विचारलं, हे मला तशा अवस्थेतही कळलं.

मला जबलपूरला, महाराजपूरच्या आमच्या घरी आणलं. ताई नागपूरलाच थांबल्या. विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांनी संपूर्ण जठराच्या बारीक चकत्या केल्या. आधी त्यांनी पाहायचं, मग ताईंनी, आणि दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही, अशी अट ताईंनीच घातली. आपल्याला हवं तेच दिसेल, याची त्यांना धास्ती होती. ते दिवस मी कसे काढले ते लिहिण्यात अर्थ नाही. ऋचा पलंगाशी येऊन विचारायची, "मम्मी, तेरा पेट कहाँ गया?" आणि सगळे तिला गप्प करायचे.

मग एका सकाळी दारात रिक्षा थांबली. ताई उतरल्या. बॅग खांद्यावर तशीच, म्हणजे स्टेशनवरून घरी न जाता आलेल्या. मी भिंतीला धरून उभी होते.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "दोघांनाही, त्याच जागी. अस्तराच्या खाली, एकेकट्या. अजून चालू लागल्या नव्हत्या."

एवढं बोलून त्या दारातल्या चपलांच्या फळीवरच बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. आमच्या ताई, ज्यांनी भर परिषदेत आपलं काम मागे घेताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "हे बरं झालं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू, माधुरी? पण बरं झालं गं." मीही खाली त्यांच्याशेजारी बसले. त्यांचं बरोबर ठरलं होतं, याचा उच्चार त्यांनी त्या दिवशी केला नाही, आणि त्यानंतरही कधी केला नाही. चहा मात्र मागून घेतला. मी खाल्लं का, ते आधी विचारून.

यानंतर ताईंनी सगळ्या प्रयोगशाळेची बैठक बोलावली. माझं नाव न घेता त्या म्हणाल्या, "आपल्या लोगों का खून नॉर्मल बोलकर लेना आज से बंद. मैंने कभी नहीं सोचा कि जवाब उल्टा आया तो बताएगा कौन, और सुनने वाले से पूछा किसने था. ये गलती मेरी है." संस्थेच्या नीतिसमितीपुढेही त्या आपण होऊन गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे रक्त घेण्याआधी प्रत्येकाला 'निकाल कळून घ्यायचा आहे का' हा प्रश्न विचारला जातो, आणि नळीवर 'नॉर्मल' लिहिलं जात नाही, 'तुलनेचा' लिहिलं जातं. एवढा बदल का झाला, हे कोणाला कळलं नाही. दुबेजींनी मात्र व्हरांड्यात उभं राहून हाका मारणं त्या दिवसापासून सोडलं.

आणि ज्या एका नियमावरून प्रयोगशाळेतले तुम्ही सगळे ताईंची चेष्टा करत आलात, त्याचंही आज सांगते. मी कामावर परत आले त्या आठवड्यात ताईंनी फर्मान काढलं, की दर दोन तासांनी सगळ्यांनी काम थांबवून थोडं थोडं खायचं. कोणी एकाने नव्हे, सगळ्यांनी. "मैडम को बुढ़ापे में भूख लगने लगी है," असं तुमच्यापैकीच कोणी तरी म्हणालं होतं, नाव घेत नाही. जठर नसलेल्या माणसाला एका वेळी फार खाता येत नाही. मी एकटी सारखी डबा उघडत बसले असते, तर चार दिवसांत चार प्रश्न आले असते. ताईंनी साऱ्या प्रयोगशाळेलाच माझ्या पंगतीला बसवलं. गोड खाल्लं की मला घेरी येते. म्हणून कोणी खोव्याची जलेबी आणली की ताई, "इथे नको, माशा येतात," म्हणून पुडा परत पाठवत. ताईंना खोव्याची जलेबी जिवापाड आवडते, हे त्यांच्या घरचे सांगतील. प्रयोगशाळेत त्यांनी त्यानंतर ती तोंडाला लावलेली नाही.

माझ्या मामाच्या मुलांना मी सारं सांगितलं. मामेबहीण तपासणीला आली. मामेभाऊ म्हणाला, मला नाही कळून घ्यायचं. मी त्याच्याशी भांडायला निघाले होते. ताईंनी अडवलं. "दार उघडं ठेव," म्हणाल्या, "ओढू नको." त्या उघड्या दारातून तो काही वर्षांनी आपण होऊन आला.

निवृत्तीनंतरही ताई रोज प्रयोगशाळेत येतात. प्रश्न तोच आहे. सुटलेली पेशी मरत का नाही, आणि झोपलेली उठते का. थोडंफार हाती लागलं आहे, पुष्कळ बाकी आहे. त्यांच्या शोधनिबंधांची जंत्री या ग्रंथात दुसरीकडे आहे, ती मी इथे देत नाही.

मला शेवटचं सांगायचं आहे ते ऋचाविषयी. ती आता एकोणीस वर्षांची आहे. माझी बिघडलेली प्रत तिच्याकडे गेली असेल किंवा नसेल, दोन्हींची शक्यता सारखीच. ती सज्ञान झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती स्कूटर काढून सरळ चेरीतालला ताईंकडे गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण हसत होती.

"मम्मी, मी आजींना विचारलं, टेस्ट करू का? तर म्हणाल्या, ते मी नाही सांगणार! एकदम तू बोलली होतीस ना, तसंच."

"मग?"

"मग मी बोलले, करीन, पण आत्ता नाही. आधी ग्रॅज्युएशन होऊ दे. आणि रिझल्ट मला तुम्हीच सांगायचा. डॉक्टर नको, मम्मी तर बिलकुल नको, वो तो पहले ही रो देगी. तर आजी म्हणाल्या, चलो, ठीक आहे बेटा, मी आहे."

संपादक मंडळाला माहीत असावं, म्हणून सांगते. ज्यांच्या पंच्याहत्तरीचा हा ग्रंथ आहे, त्यांनी माझ्या मुलीला असा शब्द दिला आहे.

तेव्हा ताई, इतर सर्व जण तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. माझं मागणं त्याहून लहान आहे आणि निखालस स्वार्थी आहे. ऋचा ज्या दिवशी दंड पुढे करील, त्या दिवशी तुम्ही तिच्यासमोर असायला हव्यात. दाराला कडी लावायला. "तुला कळून घ्यायचं आहे का?" असं रक्त घेण्याआधी विचारायला. ती हो म्हणाली तर सांगायला, आणि ऐन वेळी नाही म्हणाली तर गप्प राहायला. ते गप्प राहणं तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, मला तर नाहीच. तुमच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तुम्ही दोनदा पुढे ढकललीत, हे मला तुमच्या घरून कळलं आहे. दुसऱ्याला जठर काढायला निघालेलं पाहून तारीख विचारणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. डोळ्यांची तारीख घ्या, मी येते. ऋचाचा निकाल तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आहे.